टच स्क्रीनवरचा माऊसचा बाण कसा घालवायचा, नवीन लोकांसाठी

टच स्क्रीनचं डिव्हाइस तयार होतं, ॲप फुल स्क्रीन उघडतं, बटणं मोठी छान दिसतात आणि मधोमध तो छोटा बाण बसलेला असतो. माऊस जोडलेलाच नाही तरी बाण आहे. दिसायला बारीक गोष्ट वाटते पण मला ही महत्त्वाची वाटते, कारण बाण दिसला की समोरचा माणूस गोंधळतो, याला बोट लावायचं की कुठे माऊस आहे ते शोधायचं हेच कळत नाही, आणि शिवाय बाण नेमका एखाद्या आकड्यावर नाहीतर बटणाच्या नावावर येऊन बसला की वाचताही येत नाही.

यावर उपाय शोधायला गेलं की ढीगभर सापडतात आणि प्रत्येक उपाय कोणाकडे तरी चालतो, कोणाकडे अजिबात चालत नाही. ते सगळे आपापल्या जागी बरोबरच असतात, फक्त बाण काढणारा प्रोग्राम प्रत्येक सिस्टीमवर वेगळा असतो. त्यामुळे कमांड शोधण्याआधी आपल्या बोर्डवर (म्हणजे डिव्हाइसमधल्या छोट्या कॉम्प्युटरवर) बाण कोण काढतंय आणि का काढतंय ते बघायचं, मग उपाय बहुतेक वेळा एका ओळीचा निघतो. खाली मुख्यतः लिनक्सबद्दल लिहिलंय कारण असले बोर्ड जास्त करून त्यावरच चालतात, विंडोज आणि अँड्रॉइडबद्दल शेवटी थोडं आहे. कमांड आणि फाईलची नावं इथे उच्चाराप्रमाणे दिलीत, टाईप करताना अर्थातच इंग्रजी स्पेलिंगने आणि इंग्रजी आकड्यांनी टाका.

आधी ओळखा, कुठला कर्सर आहे

काळ्या स्क्रीनवर कोपऱ्यात एक छोटी आडवी रेघ लुकलुकत असेल तर तो माऊसचा बाण नाहीच, तो टेक्स्ट कन्सोलचा कर्सर आहे. बूट होताना किंवा ॲप चालू व्हायच्या आधी दिसतो, आणि तुमचं ॲप थेट फ्रेमबफरवर, म्हणजे स्क्रीनच्या मेमरीत, चित्र काढत असेल तर कधी कधी ॲपच्या चित्रातही डोकावतो. याच्यासाठी कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) कमांड लाईनमध्ये, म्हणजे बूट होताना त्याला मिळणाऱ्या सूचनांच्या ओळीत, व्हीटी डॉट ग्लोबल अंडरस्कोर कर्सर अंडरस्कोर डिफॉल्ट इज इक्वल टू शून्य एवढं घालायचं. रास्पबेरी पायवर ही लाईन सीएमडीलाईन डॉट टीएक्सटी नावाच्या फाईलमध्ये असते, जुन्या सिस्टीमवर बूट फोल्डरमध्ये आणि बुकवर्मपासून पुढे बूटच्या आतल्या फर्मवेअर फोल्डरमध्ये. एक सांभाळा, त्या फाईलमध्ये सगळं एकाच ओळीत असावं लागतं, एंटर दाबून खाली नवीन ओळ केली तर ती वाचली जात नाही, म्हणून आहे त्याच ओळीच्या शेवटी स्पेस देऊन लिहायचं. दुसऱ्या बोर्डवर यूबूट हा सिस्टीम सुरू करणारा प्रोग्राम असेल तर तिथल्या बूटआर्ग्जमध्ये हेच घालायचं.

रीबूट न करता पटकन बघायचं असेल तर सेटटर्म कमांडला डॅश डॅश कर्सर ऑफ देऊन त्याचं आउटपुट डेव्ह फोल्डरमधल्या टीटीवाय१ कडे, म्हणजे बोर्डच्या पहिल्या टेक्स्ट कन्सोलकडे, वळवा. एसएसएचने, म्हणजे दुसऱ्या कॉम्प्युटरवरून नेटवर्कने, आत शिरून करत असाल तर कमांडच्या आधी टर्म इज इक्वल टू लिनक्स लिहायला लागतं, कारण तुमच्या लॅपटॉपच्या टर्मिनलचा प्रकार वेगळा आणि बोर्डच्या कन्सोलचा वेगळा, चुकीच्या प्रकाराचा कोड गेला तर काहीच होत नाही. आणि एवढं करूनही रेघ परत येत असेल तर टीटीवाय१ वर लॉगिन प्रॉम्प्ट चालू आहे का बघा, कारण तिथला कुठलाही प्रोग्राम कर्सर परत चालू करणारा कोड पाठवू शकतो. कियॉस्कवर, म्हणजे एकच ॲप दाखवणाऱ्या डिव्हाइसवर, तो प्रॉम्प्ट लागत नसेल तर तो दाखवणारी गेटीची ती सर्व्हिस बंदच करून टाका.

एक्स आहे की वेलँड

आता खऱ्या बाणाकडे येऊ. एक्स११ (थोडक्यात एक्स) आणि वेलँड या लिनक्सवर विंडो आणि बाण दाखवायच्या दोन वेगवेगळ्या पद्धती आहेत. ग्राफिक्स एक्स११ वर चाललंय, वेलँडवर चाललंय की दोन्ही नाहीत आणि ॲप स्वतःच थेट स्क्रीनवर चित्र काढतंय, हे आधी बघायचं. एक्सडीजी सेशन टाईप नावाचं एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल प्रिंट केलं की उत्तर मिळतं असं सगळीकडे सांगतात आणि ते बरोबरही आहे, पण एसएसएचमधून बघितलं तर ते टीटीवाय असंच दाखवणार कारण ते तुमच्या एसएसएच सेशनचं उत्तर आहे, स्क्रीनवरच्या सेशनचं नाही. म्हणून सरळ पीएस कमांडने चालू प्रोसेस बघा. यादीत एक्सऑर्ग दिसलं तर एक्स, वेस्टन, केज, स्वे, लॅबडब्ल्यूसी, वेफायर यापैकी काही दिसलं तर वेलँड (हे सगळे कंपोझिटर, म्हणजे वेलँडवर स्क्रीनचं चित्र जुळवणारे प्रोग्राम). रास्पबेरी पाय ओएसवाल्यांनी इथे जास्त लक्ष द्या, कारण ऑक्टोबर २०२३ च्या बुकवर्ममध्ये पाय ४ आणि पाय ५ साठी डेस्कटॉप वेफायरवर गेला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये लॅबडब्ल्यूसीवर, त्यामुळे त्याआधीचे सगळे एक्सवाले उपाय नव्या कार्डावर कॉपी करून टाकले तर चालत नाहीत आणि एररही येत नाही, नुसतं काहीच होत नाही.

या दोघांत टचचा हिशोबच वेगळा आहे. एक्समध्ये तुम्ही बोट लावलं की एक्सचा मुख्य प्रोग्राम, म्हणजे सर्व्हर, जुन्या ॲपसाठी माऊसचं सोंग घेतो, म्हणजे पॉइंटर उडी मारून बोटाखाली येतो आणि क्लिक होतो, म्हणून एक्सवर बाण जिथे शेवटचं बोट लागलं तिथे उभा राहतो. वेलँडमध्ये टच आणि पॉइंटर हे वेगवेगळे रस्ते आहेत, टचने बाण हलत नाही. तिथे बाण मधोमध स्तब्ध दिसत असेल तर त्याचा अर्थ जवळपास नेहमी एकच असतो, सिस्टीमला कुठलं तरी डिव्हाइस माऊस वाटतंय. हे डोक्यात ठेवलं की पुढचं सोपं आहे.

एक्सवर काय करायचं

सगळ्यात साफ उपाय म्हणजे एक्स सर्व्हरलाच डॅश नोकर्सर हा ऑप्शन देऊन चालू करायचा. मग सर्व्हर बाण काढतच नाही, कुठल्याही ॲपने काहीही मागितलं तरी. टच मात्र नीट चालू राहतो, कारण पॉइंटर आहेच, फक्त त्याचं चित्र नाही.

लाईटडीएमवाल्यांनी (लॉगिन स्क्रीन दाखवून एक्स चालू करणारा प्रोग्राम) इटीसी फोल्डरमधल्या लाईटडीएम फोल्डरात लाईटडीएम डॉट कॉन्फ ही फाईल उघडायची आणि एक्ससर्व्हर डॅश कमांड या ओळीपुढे मोठा एक्स, स्पेस, डॅश नोकर्सर लिहायचं. डेबियनच्या फाईलमध्ये हे नाव दोन ठिकाणी सापडतं, वरती माहिती देणाऱ्या कॉमेंटमध्ये एकदा आणि खाली सीट कोलन स्टार असं चौकटी कंसात लिहिलेल्या सेक्शनमध्ये एकदा. खालची ओळ धरायची, तिच्यापुढचं हॅशचं चिन्ह काढायचं आणि मग बदल करायचा. वरच्या कॉमेंटचा हॅश काढून ठेवला तर ओळ चुकीच्या जागी पडते आणि बाण तसाच राहतो. स्टार्टएक्सने चालू करत असाल तर स्टार्टएक्स, मग सुटे दोन डॅश, मग डॅश नोकर्सर. ते मधले दोन डॅश विसरू नका, त्यांच्या पुढचं जे असतं तेच सर्व्हरला जातं, नाहीतर ते क्लायंटचं आर्ग्युमेंट समजलं जातं. मॅचबॉक्स विंडो मॅनेजर वापरत असाल तर त्याला डॅश यूज अंडरस्कोर कर्सर नो असाही ऑप्शन आहे, पण सर्व्हर तुमच्या हातात असेल तर नोकर्सरच बरा.

कधी कधी माऊसही लागतो, म्हणजे टेस्टिंगच्या टेबलावर माऊस जोडायचा आणि बाहेर नुसता टच, अशा वेळी अनक्लटर कामाला येतं. हा छोटा प्रोग्राम पॉइंटर काही वेळ हलला नाही की बाण लपवतो आणि हलला की दाखवतो. मुळात थांबायची वेळ ५ सेकंद असते, ती डॅश आयडलने कमी करायची आणि डॅश रूट दिलं की रिकाम्या डेस्कटॉपवरचाही बाण जातो. पण आधी सांगितलं तसं एक्समध्ये प्रत्येक टचला पॉइंटर हलतो, म्हणजे बोट लावलं की क्षणभर बाण चमकून जातो, आणि सारखं टच होणाऱ्या स्क्रीनवर ते फार खटकतं. यासाठी अनक्लटर एक्सफिक्सेस नावाचं नव्याने लिहिलेलं व्हर्जन घ्या, त्यात डॅश डॅश हाईड ऑन टच असा ऑप्शन आहे, टचने बाण लपतो आणि खरा माऊस हलवला तरच येतो, सोबत डॅश डॅश स्टार्ट हिडन दिलं की सुरुवातीपासूनच लपलेला राहतो. जुन्या अनक्लटरची अजून एक खोड अशी की ते बाणाखाली एक बारीक विंडो टाकून काम करतं, त्यामुळे काही ॲपना पॉइंटर बाहेर गेला असं वाटतं आणि होव्हर (पॉइंटर नुसता वर आला की बटणाचा रंग बदलणं) नाहीतर फोकस विचित्र वागायला लागतो. नवीन व्हर्जनमध्ये हा प्रकार नाही.

वेलँडवर काय करायचं

इथे लपवायच्या मागे लागायच्या आधी तो खोटा माऊस शोधा. टर्मिनलमध्ये लिबइनपुट लिस्ट डॅश डिव्हाइसेस ही कमांड सुडो लावून चालवा, प्रत्येक डिव्हाइसचं नाव येईल आणि खाली कॅपॅबिलिटीज नावाची ओळ असेल. टच पॅनेलपुढे टच लिहिलेलं हवं. आता बाकीच्या यादीत पॉइंटर हा शब्द कोणापुढे आहे ते बघत खाली जा. पाय ४ सारख्या बोर्डवर व्हीसी४ एचडीएमआय अशा नावाची डिव्हाइस दिसतात आणि त्यांच्यापुढे कीबोर्ड आणि पॉइंटर दोन्ही लिहिलेलं असतं. माऊस तर कोणीच लावलेला नाही, मग हे काय? एचडीएमआय केबलमधून टीव्हीच्या रिमोटचे सिग्नल येऊ शकतात, ते घ्यायला कर्नल एक इनपुट डिव्हाइस बनवतो, आणि कर्नलमधला रिमोटचा कोड अशा प्रत्येक डिव्हाइसला माऊससारखी हालचाल करण्याची क्षमता देऊन ठेवतो कारण काही रिमोटवर तशी बटणं असतात. कंपोझिटरला वाटतं माऊस आला आणि तो बाण काढतो.

उपाय म्हणजे त्या डिव्हाइसकडे दुर्लक्ष करायला सांगणारा यूडेव्हचा (लिनक्सवर जोडलेली डिव्हाइस सांभाळणाऱ्या प्रोग्रामचा) नियम. इटीसी, यूडेव्ह, रूल्स डॉट डी या फोल्डरात डॉट रूल्सने संपणारी एक नवीन फाईल करायची आणि त्यात एकच ओळ लिहायची, सबसिस्टीम इनपुट असेल आणि ॲट्रिब्यूटमधलं नेम व्हीसी४ एचडीएमआयने सुरू होत असेल तर लिबइनपुट इग्नोर डिव्हाइस या व्हेरिएबलची किंमत १. तपासणीसाठी दोनदा इज इक्वल टू आणि किंमत देताना एकदाच, हे यूडेव्हमध्ये काटेकोर आहे. मग रीबूट करा आणि लिस्ट परत बघा, ते डिव्हाइस यादीतून गेलेलं दिसलं की बाणही गेलेला असतो. केज आणि वेस्टनसारखे कंपोझिटर पॉइंटरच नसेल तर बाण काढत नाहीत, त्यामुळे वेगळं काही लपवायची गरजच उरत नाही, आणि मला तरी हाच उपाय सगळ्यात आवडतो कारण यात मूळ कारणच जातं.

पण यादीत तुमचं टच पॅनेलच पॉइंटर म्हणून आलं असेल तर? यूएसबीवाल्या काही टच कंट्रोलरमध्ये एकाच चिपमधून दोन डिव्हाइस निघतात, एक टचचं आणि एक जुन्या सिस्टीमसाठी माऊसचं. दोन्हीची नावं सारखी असू शकतात. म्हणून नियम लिहायच्या आधी इव्हीटेस्ट या कमांडने एकेक इव्हेंट नंबर उघडून स्क्रीनला बोट लावून बघा की आकडे कुठून येतायत. आकडे टचवाल्यातून येत असतील तर माऊसवाला दुर्लक्षित करा. उलट आकडे माऊसवाल्यातून येत असतील आणि तुम्ही तोच बंद केला तर बाणाबरोबर टचही गेला, मग एसएसएचने शिरून फाईल काढायला लागते, तेवढा रस्ता आधी उघडा ठेवा. आणि एकच डिव्हाइस असून ते माऊस म्हणून येत असेल तर बहुतेक ड्रायव्हर किंवा फर्मवेअर डायरेक्ट नावाची प्रॉपर्टी लावत नाहीये. हे डिव्हाइस म्हणजे स्क्रीनवरच बोट लागतंय, टचपॅडसारखं लांबून नाही, हे सिस्टीमला त्या प्रॉपर्टीवरून कळतं. कर्नल तुम्ही स्वतः बिल्ड करत असाल तर तिथेच दुरुस्त करा.

कंपोझिटरमधून लपवायचं असेल तर स्वेच्या कॉन्फिगमध्ये सीट स्टार हाईड अंडरस्कोर कर्सर आणि पुढे मिलिसेकंदाचा आकडा. ० दिलं तर लपवणं बंद होतं, बरेच जण लगेच लपावा म्हणून ० टाकतात आणि उलटंच होतं, कमीत कमी १०० चालतं. लॅबडब्ल्यूसीमध्ये हाईडकर्सर नावाची ॲक्शन आहे, ती आरसी डॉट एक्सएमएल फाईलमध्ये एखाद्या कीबाईंडला जोडायची आणि डब्ल्यूटाईपने सुरुवातीला ती की दाबल्यासारखी पाठवायची, जरा वळसा आहे पण चालतं, फक्त खरा माऊस हलला की बाण परत येतो. वेफायरला जादाच्या प्लगिनच्या संचात हाईड कर्सरचं प्लगिन मिळतं.

आणि काहीच जमलं नाही तर पारदर्शक कर्सर थीम. एक पूर्ण पारदर्शक पीएनजी घ्यायची, एक्सकर्सरजेनने तिची कर्सर फाईल करायची, यूएसआर, शेअर, आयकॉन्स या फोल्डरात थीमच्या नावाचं फोल्डर करून आत कर्सर्स फोल्डरात ती ठेवायची आणि एक्सकर्सर थीम हे व्हेरिएबल त्या नावावर लावायचं. एकच लेफ्ट पीटीआर नावाची फाईल पुरत नाही, लिंकवरचा हात, टेक्स्टवरची उभी रेघ, थांबायचं चक्र या सगळ्यांची नावं वेगळी, त्या सगळ्या नावांच्या सिमलिंक (दुसऱ्या फाईलकडे नेणारी नावं) त्याच एका फाईलकडे कराव्या लागतात, नाहीतर बाण जातो आणि टेक्स्टबॉक्समध्ये बोट लावलं की उभी रेघ उगवते. हा उपाय एक्स आणि वेलँड दोन्हीवर चालतो हा त्याचा मोठा फायदा.

ॲपमधून

ॲप क्यूटी या लायब्ररीत लिहिलेलं असेल आणि इजीएलएफएसवर, म्हणजे थेट स्क्रीनवर चित्र काढत, चालत असेल तर ना एक्स ना वेलँड, बाण क्यूटी स्वतःच काढतं. त्याला क्यूटी क्यूपीए इजीएलएफएस हाईडकर्सर हे व्हेरिएबल १ करायचं, लिनक्सएफबी (फ्रेमबफरवाला प्रकार) असेल तर नावात इजीएलएफएसच्या जागी एफबी. हे बॅशआरसीमध्ये (टर्मिनल उघडल्यावर वाचली जाणारी फाईल) लिहून ठेवू नका, ॲप सिस्टीमडीच्या (बूटनंतर प्रोग्राम आपोआप चालू करणाऱ्या यंत्रणेच्या) सर्व्हिसमधून चालू होत असेल तर ती सर्व्हिस बॅशआरसी वाचतच नाही, सर्व्हिसच्या फाईलमध्ये एन्व्हायरन्मेंट अशी ओळ घालून तिथे द्या. कोडमधून करायचं तर ॲप्लिकेशनचं ऑब्जेक्ट तयार झाल्यावर सेट ओव्हरराईड कर्सरला ब्लँक कर्सर द्यायचा.

ब्राउझरचा कियॉस्क मोड फक्त पट्ट्या आणि बटणं घालवतो, बाण नाही. तुमचं स्वतःचं पेज असेल तर सीएसएसमध्ये कर्सर नन लिहा, पण नुसतं बॉडीला लिहून भागत नाही कारण लिंक आणि इनपुटचे कर्सर ब्राउझर वेगळे ठरवतो, म्हणून स्टार सिलेक्टरला लावा आणि शेवटी इम्पॉर्टंट. तेच पेज लोक लॅपटॉपवरही उघडत असतील तर हा नियम पॉइंटर कोर्स या मीडिया क्वेरीच्या (डिव्हाइस बघून लागू होणाऱ्या सीएसएसच्या अटीच्या) आत टाका, म्हणजे जिथे मुख्य साधन बोट आहे तिथेच बाण जाईल. आणि हे पक्कं समजून असा की सीएसएस फक्त पेजच्या आत चालतं. पेज लोड व्हायच्या आधीची पांढरी स्क्रीन, नेटवर्क गेल्यावरचं एररचं पेज, ब्राउझर क्रॅश होऊन मागचा डेस्कटॉप उघडा पडला ती वेळ, या सगळीकडे बाण दिसणार. म्हणून पेजमध्ये लपवलं तरी खालच्या थरावरही लपवाच.

पायथनवाल्यांसाठी पटकन, टीकेइंटरमध्ये रूट विंडोच्या कॉन्फिगला कर्सर नन, किवीमध्ये कॉन्फिगच्या ग्राफिक्स सेक्शनमध्ये शो अंडरस्कोर कर्सर ०, पायगेममध्ये माऊस डॉट सेट अंडरस्कोर व्हिजिबल फॉल्स. पायगेममध्ये बाण लपवला आणि इनपुट ग्रॅबही केलं तर माऊस रिलेटिव्ह मोडमध्ये जातो, मग बोट एकीकडे आणि क्लिक भलतीकडे असं होऊ शकतं, टच स्क्रीनवर ग्रॅब करूच नका. एलव्हीजीएल या छोट्या बोर्डसाठीच्या ग्राफिक्स लायब्ररीत तुम्ही स्वतः कर्सरचं चित्र जोडल्याशिवाय बाण येतच नाही, तो दिसत असेल तर उदाहरणातून कॉपी केलेली सेट कर्सरची ओळ शोधून काढा.

विंडोज ८ पासून पुढे टच झाला की बाण आपोआप लपतो. कोडमधून शोकर्सर हे विंडोजचं फंक्शन वापरत असाल तर तो चालू-बंदचा स्विच नाही, तो मोजणी ठेवतो, फॉल्सने एक कमी होतो आणि ट्रूने एक वाढतो, शून्याच्या खाली गेला तरच बाण लपतो. दोन ठिकाणी ट्रू म्हटलं गेलं असेल तर एका फॉल्सने काही होत नाही. अँड्रॉइडवर बाण आला तर जवळपास नक्की टच पॅनेल पॉइंटर म्हणून ओळखलं गेलंय, त्या डिव्हाइसच्या आयडीसी फाईलमध्ये (इनपुट डिव्हाइसच्या सेटिंगची फाईल) टच डॉट डिव्हाइसटाईपला टचस्क्रीन लिहा.

लपवल्यावर तपासा

पॉवर पूर्ण काढून परत द्या आणि लोगोपासून ॲप येईपर्यंत स्क्रीनकडे बघत बसा, बाण नेमका त्या दोन-तीन सेकंदात दिसून जातो. मग ॲप मुद्दाम किल करा आणि ते परत उठेपर्यंत मागे काय दिसतं ते बघा. एचडीएमआयची केबल काढून लावा, यूएसबीचा टच असेल तर तोही काढून लावा, यूडेव्हचा नियम नव्याने जोडल्यावरही लागतो की नाही ते इथेच कळतं.

आणि बटणांकडेही बघा. एक्समध्ये बोट उचललं तरी पॉइंटर तिथेच असतो, नुसता दिसत नाही, त्यामुळे शेवटी दाबलेलं बटण होव्हरच्या रंगात अडकून राहतं आणि वापरणाऱ्याला ते अजून दाबलेलंच वाटतं. टच स्क्रीनच्या ॲपमध्ये होव्हरची स्टाईलच ठेवू नका. वेबपेज असेल तर होव्हरचे सगळे नियम होव्हर होव्हर या मीडिया क्वेरीच्या आत टाका आणि दाबल्याचा रंग ॲक्टिव्हला द्या, मात्र एक्सवर ब्राउझरला टच माऊस म्हणून मिळत असेल तर ही क्वेरीही फसते आणि आधीची पॉइंटर कोर्सवालीही, तिथे होव्हरचे नियम सरळ काढून टाकायचे आणि कर्सर नन क्वेरीशिवाय लावायचा.

सर्व्हिसला येणाऱ्या माणसासाठी बाण परत आणायचा रस्ता कागदावर लिहून डिव्हाइसच्या फाईलला जोडा, कुठली फाईल, कुठली ओळ, काय बदलायचं. नोकर्सर लावलेल्या सिस्टीमला माऊस जोडला तर तो चालतो पण दिसत नाही, आणि टच बिघडलाय म्हणूनच माऊस घेऊन आलेल्या माणसाला हे माहीत नसेल तर तो माऊसही बिघडलाय असं समजून पॅनेल उघडायला बसतो.